तळ्यावरचे शीड आणि दक्षिणेचा समुद्र

(शिडाच्या नौकांविषयीच्या प्रस्तुत पुस्तकाचा अनुवाद पूर्ण झाल्यावर अनुवादकाने भिलाई येथील मराठी वाचकांपुढे दिलेले भाषण)



शिडाच्या नौकेविषयी भिलाईत बोलावयाचे म्हणजे पहिली अडचण येते ती शब्दाचीच. आपल्या गावात 'सेल' म्हटले की १९७३ साली स्थापन झालेली पोलाद कंपनी आठवते. वाऱ्याने फुगलेले कापड कोणाच्याही डोळ्यांपुढे येत नाही. सर्वांत जवळचा समुद्र येथून चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. २०२२ साली नौदलात दाखल झालेल्या 'विक्रांत' या विमानवाहू नौकेसाठी जे खास पोलाद लागले, ते पुरविणाऱ्या कारखान्यांत भिलाईचा कारखाना होता. म्हणजे येथले लोखंड समुद्रावर गेले आणि आपण मात्र मरोद्याच्या तलावाकाठी राहिलो. म्हणूनच हे पुस्तक मराठीत आणताना माझ्या डोळ्यांपुढे जो वाचक होता तो अलिबागचा किंवा मालवणचा नव्हता. तो तळ्याकाठचा वाचक होता. भंडारा-गोंदियाकडून नोकरीसाठी येथे आलेल्या कुटुंबांनी पाणी पाहिले ते बांधाआड अडविलेले. त्यावर ढिवरांचे डोंगे चालतात, पण ते बांबूने रेटून किंवा वल्ह्याने. शिडाचे तेथे काम पडत नाही.

अशा वाचकाचा प्रश्न सरळ असतो. उत्तरेकडच्या एखाद्या तळ्यावर नौका चालवावयास शिकलेला माणूस दक्षिणेकडे समुद्रावर गेला, तर त्याला निराळे असे काय करावे लागते? पाणी तेच, वारा तोच, शीडही तेच. याचे नेहमीचे उत्तर असे, की तळे लहान आणि समुद्र मोठा. हे उत्तर मला अपुरे वाटते. लहानाचे मोठे झाले एवढाच फरक असता, तर तळ्यावर जमलेले कौशल्य समुद्रावर थोडे अधिक नेटाने वापरले की काम भागले असते. तसे होत नाही.

प्रथम तळे पाहू. नैनिताल समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० मीटर उंचीवर आहे. तेथील नौकाविहार मंडळ १९१० साली स्थापन झाले. तळ्याची लांबी दीड किलोमीटरही भरत नाही आणि भोवती डोंगरांच्या भिंती. त्यामुळे तेथला वारा सरळ येत नाही. तो कड्यांवर आदळतो, खिंडीतून घसरतो, क्षणात या गालावर तर क्षणात त्या गालावर लागतो. भोपाळचा बडा तलाव, जो परंपरेने राजा भोजाच्या नावावर आहे, त्याहून पुष्कळ मोठा आणि मोकळा. परंतु तेथेही टेकड्या आणि काठावरच्या इमारती वारा मोडतात. तळ्यावरच्या नाविकाला म्हणून एक विद्या फार लवकर येते. पाण्यावर काळसर सुरकुती धावत आली की त्या पाठीमागे वाऱ्याची झुळूक आहे, हे त्याला दुरून कळते, आणि ती पोहोचण्यापूर्वीच त्याचा हात शिडाच्या दोरीवर गेलेला असतो. समुद्रावर वाढलेल्या पुष्कळांना ही नजर इतकी तीक्ष्ण नसते, असे जाणकार सांगतात आणि ते पटण्यासारखे आहे. समुद्रावरचा वारा बहुधा तासन् तास एका दिशेने वाहतो. त्याच्यावर पहारा ठेवण्याची तेवढी गरज पडत नाही.

ही विद्या समुद्रावर वाया जात नाही, याचा पुरावा आपल्या जुन्या राज्याच्या राजधानीनेच दिला आहे. भोपाळच्या तलावावर तयार झालेल्या हर्षिता तोमर हिने २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत कांस्यपदक मिळविले. देवास जिल्ह्यातील शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर हिने हांगचौ येथील स्पर्धेत २०२३ साली रौप्यपदक मिळविले. दोघींची नौका एकाच जातीची: सव्वाचार मीटरांहून किंचित कमी लांबीची, एकच माणूस बसेल अशी, एकच शीड असलेली, आणि ते शीडही अवघे ४.७ चौरस मीटरांचे. भोपाळला तीच नौका, समुद्रावरही तीच. तेव्हा बदलले ते नौकेखालचे पाणी.

मूळ भेद येथे आहे. तळ्याचे पाणी जागच्या जागी असते. नौकेचे नाक ज्या झाडाकडे रोखावे त्या झाडाशी आपण पोहोचतो. समुद्रावर मात्र पाणी स्वतःच चाललेले असते, आणि नौका त्यावर बसून त्याच्याबरोबर चालते. समजा, नौकेचा वेग ताशी चार सागरी मैल आहे आणि भरतीचा ओघ आडवा, ताशी दोन मैलांचा आहे. नाक समोरच्या खुणेकडे रोखून अर्धा तास गेलात तर तुम्ही खुणेपासून एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर, बाजूला गेलेले असाल. आणि सर्व वेळ आपण सरळच चाललो होतो अशी तुमची खात्री असेल. तळ्याकडून आलेल्याला हे पुस्तकात वाचून समजते. अंगवळणी पडावयास फार दिवस लागतात. काठ दिसतो आहे, वारा ठीक आहे, आणि तरी आपण चुकीच्या जागी आहोत, हा अनुभव तळे कधी देत नाही.

हा ओघ ओळखण्याची विद्या कोकणाच्या कोळ्यांपाशी पंचांगाच्या रूपाने आहे. मुंबई-कुलाब्याकडे ते तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन; तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेचे ते 'उधाण', अष्टमीच्या आसपासची ती 'भांग'. हे दोन शब्द हाताशी असताना इंग्रजी संज्ञांचे संस्कृत प्रतिशब्द घडवीत बसण्याचे मला काही कारण दिसले नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावयाची. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडे जावे तसतशी भरती-ओहोटीची उंची घटत जाते. खंबायतच्या आखातात ती दहा मीटरांपर्यंत चढते, मुंबईस उधाणाच्या दिवशी पाचाच्या घरात, गोव्यास सुमारे दोन, आणि कोचीस एक मीटरही नाही. मुंबईत शिकलेला हिशेब गोव्यास जसाच्या तसा चालत नाही, तो यामुळे.

लाटांविषयी थोडक्यातच सांगतो. लाट किती वाढावी हे वाऱ्याचा जोर, तो किती वेळ वाहिला आणि किती लांब मोकळ्या पाण्यावरून वाहिला, या तिहींवर ठरते. तळ्यात तिसरी गोष्ट नसतेच, म्हणून तेथली लाट आखूड, दाट आणि चिडखोर. समुद्रावर तिच्याखालून दुसरी एक लाट येत असते: लांब, संथ, कोठे तरी शेकडो मैल दूरच्या वादळात उठलेली. येथे वारा पडलेला असतानाही ती येते. आपल्या आकाशाशी काही संबंध नसलेले पाणी आपल्याला उचलते आहे, ही कल्पनाच तळ्याकाठच्या माणसाला चमत्कारिक वाटते.

ऋतूचा फरक मला सर्वांत बोधक वाटला. हैदराबादच्या हुसेनसागरावर शिडांच्या मोठ्या शर्यती जुलैत होतात, कारण पावसाळी वारा तेव्हा जोरात असतो आणि तलावाचा काठ जवळ असल्याने त्याचे भय नसते. नेमक्या त्याच दिवसांत, त्याच नैऋत्य वाऱ्याने, कोकणातल्या होड्या वाळूवर ओढलेल्या असतात, आणि नारळीपौर्णिमेपर्यंत दर्यावर जावयाचे नाही असा दंडक असतो. पठारावर जे शिडाला आमंत्रण, तेच किनाऱ्यावर मनाई. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, त्याही नोव्हेंबराच्या अखेरीस, हे या दृष्टीने ध्यानात घेण्यासारखे आहे.

आतापर्यंत आपण विषुववृत्ताच्या उत्तरेलाच होतो. खरी दक्षिण त्यापुढे. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून 'म्हादेई' या ५६ फुटी शिडाच्या नौकेतून एकटेच निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून मुंबईस परतले; एकट्याने ती करणारे ते पहिले भारतीय. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची ती कल्पना, आणि नौका बांधली गोव्यात, दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. त्याच कारखान्यातली 'तारिणी' घेऊन नौदलाच्या सहा स्त्री-अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी परतल्या. त्यांच्या प्रमुख वर्तिका जोशी हिमालयाच्या पायथ्याच्या ऋषिकेशच्या, प्रतिभा जामवाल कुलूच्या, पायल गुप्ता डेहराडूनच्या. डोंगरातून आलेल्या या मुलींनी केप हॉर्नला वळसा घातला, याचे कौतुक वृत्तपत्रांनी पुष्कळ केले. पण त्यांच्या पायांखालचे जग कसे उलटले असेल, याविषयी फारसे कोणी लिहिले नाही.

ते उलटते म्हणजे काय? नैनितालला ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे २९ अंश वर असतो, भोपाळला २३, आपल्या भिलाईत २१, गोव्यास साडेपंधरा. दक्षिणेकडे चालत राहिले की तो खाली खाली येतो आणि विषुववृत्तावर क्षितिजाला टेकतो. त्यापुढे दिसत नाही. आपण उन्हाळ्याच्या सुरुवातीला दक्षिण क्षितिजावर जेमतेम पाहतो तो त्रिशंकू तेथे डोक्यावर चढतो. दुपारचा सूर्य उत्तरेस जातो आणि सावली दक्षिणेस पडते. हे सारे विस्मयकारक खरे, पण याने नौका बुडत नाही. बुडविणारी गोष्ट वेगळी आहे. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले तर वादळाचे केंद्र उजव्या हातास असते. दक्षिण गोलार्धात ते डाव्या हातास. चक्रीवादळ ज्या दिशेने सरकते त्या दिशेकडे पाहिले, तर उत्तरेत त्याची उजवी बाजू अधिक घातक, दक्षिणेत डावी. बंगालच्या उपसागरात ज्या बाजूला सरकून जीव वाचतो त्याच बाजूला दक्षिण हिंदी महासागरात सरकले तर नौका वादळाच्या घातक अंगात सापडते. म्हणून या पुस्तकात जेथे जेथे 'उजवा' आणि 'डावा' आले, तेथे तेथे गोलार्ध कोणता हे वाक्यातच घातले आहे. मूळ इंग्रजीत ते नेहमी नाही, कारण मूळ लेखकाचा वाचक ते धरून चालतो. आपल्याला ते धरून चालता येणार नाही.

चाळीस अक्षांशांच्या खाली जमीन जवळजवळ नाहीच. पश्चिमेचा वारा पृथ्वीला फेरी घालून पुन्हा आपल्याच पाठीस येतो आणि लाटेला अडविणारा काठ तिला हजारो मैल भेटत नाही. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत याला 'गरजणारे चाळीस' म्हणतात, पुढे 'खवळलेले पन्नास' आणि 'किंचाळणारे साठ'. ऐकणाऱ्याला प्रथम ही माणसांची संख्या वाटते. तरीही मी हेच शब्द ठेवले, कारण ते शाळेत पाठ झालेले आहेत, आणि पाठ झालेला शब्द नवीन शुद्ध शब्दापेक्षा संकटकाळी लवकर आठवतो.

वाऱ्याच्या नावांनी मात्र फार छळले. नाविकांचा संकेत असा, की वारा कोठून आला ते विचारावयाचे आणि प्रवाह कोठे चालला ते विचारावयाचे. 'दक्षिणेचा वारा' म्हणजे दक्षिणेकडून येणारा. 'दक्षिणेचा प्रवाह' म्हणजे दक्षिणेकडे जाणारा. तळ्यावर प्रवाह नाही, म्हणून हा घोटाळाही नाही. त्यात आपल्या साहित्याने आणखी एक गुंता करून ठेवला आहे. संस्कृत काव्यापासून दक्षिणेचा वारा म्हणजे मलयानिल: चंदनाचा गंध घेऊन येणारा, वसंताचा, विरहिणीला छळणारा, पण अंगाला सुखद. एम. ए. च्या वर्गात आम्ही त्याच्यावर पानेच्या पाने लिहिली आहेत. दक्षिण महासागरात दक्षिणेचा वारा अंटार्क्टिकाच्या बर्फावरून येतो. त्याने दोर गोठतात आणि बोटे बधिर होतात. मूळ पुस्तकात असा वारा सुटल्याचे वाक्य आले, की त्याचा अर्थ नाविकाने हातमोजे चढवावेत आणि शीड कमी करावे असा असतो. तेथे 'दक्षिणवायू वाहू लागला' असे लिहिले असते, तर मराठी वाचकाने मनात खिडकी उघडली असती. मी सर्वत्र 'दक्षिण ध्रुवाकडून येणारा थंड वारा' असे लिहिले आहे. वाक्य लांबते, आणि माझ्या संपादकांनी त्याबद्दल दोनदा विचारणाही केली; पण पुस्तकात ते तसेच ठेवले आहे.