कासवांचे अभयारण्य आणि मल्लाहांची भाकरी
(ब्रह्मा घाटावरील सभेतील भाषणाचा सारांश)

मराठी कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेल्या या ब्रह्मा घाटापुढील गंगेचे पात्र 1989 पासून 2020 पर्यंत अभयारण्य होते. रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचे हे सात किलोमीटर. अर्धवट जळालेली प्रेते खाऊन नदी स्वच्छ करावी, म्हणून सारनाथला वाढविलेली कासवे गंगा कृती योजनेखाली येथे सोडण्यात आली. त्यांच्या रक्षणार्थ मासेमारी व वाळूउपसा यांवर बंदी आली.

प्रेत अर्धवट का जळते? गरिबाला पुरेसे लाकूड परवडत नाही म्हणून! आणि शहराच्या नाल्यांचे सांडपाणी काही कासव खात नाही. तरीही निर्बंधाचा भार पडला तो जाळे आणि होडी यांवर जगणाऱ्या मल्लाहांवर.

मग कासवांचा कैवार तरी टिकला काय? प्रयागराज-हल्दिया जलमार्गाच्या आड येताच 2020 मध्ये अभयारण्य रद्द झाले. 13 जानेवारी 2023 रोजी समोरच्या वाळूवर पर्यटकांसाठी तंबूनगरी खुली झाली. जेथे श्रमिकाला मज्जाव होता, तेथे पैसेवाल्यांसाठी पायघड्या पसरल्या गेल्या. नवे अभयारण्य आता प्रयागराज, मिर्झापूर व भदोही जिल्ह्यांत आहे. तेथील मच्छीमारांवर हाच प्रसंग येता कामा नये.

कॉम्रेड्स, अभयारण्य आले तेही मल्लाहांना न विचारता, गेले तेही न विचारता. नदीचे रक्षण झालेच पाहिजे. परंतु त्याचा निर्णय नदीकाठच्या कष्टकऱ्यांच्या संमतीने व्हावा, आणि बुडालेल्या रोजगाराची भरपाई सरकारने द्यावी. यासाठी मल्लाहांची संघटना बांधणे, हे आपले काम आहे.