पोहण्याच्या तलावाचा वास



ज्या भागात उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी ताटकळावे लागते, तेथे पोहण्याच्या तलावावर बोलायला उभा राहणारा माणूस शहाणा नव्हे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. विषय कळवला तेव्हा व्याख्यानमालेचे चिटणीसही क्षणभर गप्प बसले होते. परंतु आपल्याकडची पोरे पोटासाठी पुण्या-मुंबईस जातात, आणि त्यांतली काही क्लबांच्या, हॉटेलांच्या, मोठ्या सोसायट्यांच्या तलावांवर ठेकेदाराकडे राबतात. पाण्यात औषध टाकणारे हात त्यांचे असतात. म्हणून हा विषय आम्ही घेतला.

आम्ही पोहायला शिकलो ते पाठीला भोपळा बांधून, विहिरीत. तेथे वास असलाच तर शेवाळाचा. शहरातल्या बंदिस्त तलावाचे दार उघडले की नाकाला झिणझिण्या येतात, डोळे चुरचुरतात. लोक म्हणतात, क्लोरीन फार झाला. आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच समजत होतो. आमची शाळा सातवीत सुटली. रसायनशास्त्र आम्ही शिकलो ते एका भांडणापायी, मागून आणलेल्या पुस्तकांवर.

ते भांडण असे. एका शहरातील एका क्लबात (नाव घेत नाही) तळघरात तलाव होता. सभासदांनी वासाची तक्रार केली, तेव्हा व्यवस्थापकांनी क्लोरीन निम्मा करण्याचा हुकूम सोडला. वास वाढला. तेथे काम करणारा आपल्याच भागातला मुलगा खोकून बेजार झाला, आणि पावडर चोरतोस काय, असा ठपकाही त्याच्यावरच आला.

पुस्तके चाळली तेव्हा उमगले की गोष्ट नेमकी उलटी आहे. स्वच्छ पाण्यात लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असला तर त्याचा वास फारसा जाणवत नाही. घामातल्या आणि, स्पष्टच बोलायचे तर, लघवीतल्या द्रव्यांशी क्लोरीनची गाठ पडली म्हणजे क्लोरामाइन नावाची संयुगे होतात. हा वास त्यांचा. त्यांतले ट्रायक्लोरामाइन पाण्यात न राहता हवेत येते आणि डोळ्यांना, घशाला झोंबते. उघड्या तलावावर वारा ते उडवून नेतो. तळघरात ते पाण्यावरच, श्वासाच्या उंचीवर साचते. पोहणारा तासाभराने घरी जातो, काठावरचा कामगार आठ तास तेथेच असतो. फ्रान्समध्ये तलावांवरील कामगारांचे डोळे-घसे दुखू लागले, तेव्हा तेथील संशोधकांनी तलावांवरची हवा मोजून १९९५ साली हेच मांडले.

क्लोरीन कमी केला की जो असतो तो सगळा घाणीशी बांधला जातो. मग जंतूही मरत नाहीत आणि वासही जात नाही. उपाय असा की तलाव रात्री बंद ठेवून, खिडक्या-पंखे सुरू करून, बांधलेल्या क्लोरीनच्या सुमारे दहापट मात्रा एकदम द्यावी, म्हणजे ही संयुगे मोडतात. सकाळी मोजून, मोकळा क्लोरीन प्रमाणात उतरल्यावरच लोकांना आत सोडावे. रोज थोडे जुने पाणी काढून नवे भरावे. पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवावा. पाणी आम्ल झाले की ट्रायक्लोरामाइन अधिक होते. आणि उतरण्यापूर्वी प्रत्येकाने अंघोळ करावी. एका मिनिटाच्या अंघोळीने अंगावरची पुष्कळ घाण निघते.

आपल्या गावच्या पाण्यात टाकतात ती टीसीएल पावडर याच कुळातली. ओटीचा थेंब टाकला आणि पाणी पिवळे झाले, की झाले काम, असे आपण मानतो. पण तो रंग मोकळा आणि बांधलेला असे दोन्ही क्लोरीन दाखवतो. चटकन येतो तो मोकळ्याचा, मागाहून चढतो तो बांधलेल्याचा. त्या मुलाला पाणी पिवळे दिसत होते आणि मोकळा क्लोरीन जवळजवळ नव्हताच. तलावावर दोन्ही वेगळे मोजणारी डीपीडीची गोळी हवी. पावडर बंद डब्यात, सावलीत ठेवा, नाहीतर तिचा जोर उतरतो. ती पाण्यात घालावी, तिच्यावर पाणी ओतू नये. आणि भगिनींनो, ही पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून निघणारा वायू माणूस मारतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर सोडला तो हाच.

वाटाघाटीत व्यवस्थापकांनी पाणी बदलणे आणि रात्रीची मात्रा मान्य केली. अडले ते अंघोळीवर. एक सभासद म्हणाले, “आम्ही काय घाणेरडे आहोत?” आम्ही म्हणालो, “साहेब, पाण्याला पदवी कळत नाही.” ते रागावून निघून गेले. पण फवारे बसले, पाटी लागली.

पुढे दोन-अडीच महिन्यांनी त्याच गृहस्थांनी मुलाला विचारले, “का रे, क्लोरीन बंद केलात वाटते? वास येत नाही.” मुलगा म्हणाला, “नाही साहेब, वाढवला.”

त्याच्या मास्कची आणि हातमोज्यांची मागणी मात्र ठेकेदाराच्या टेबलावर पडून आहे. पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा तेथे जाणार आहोत.