खर्जाची सेवा



लिव्हरपूलचा पॉल मॅकार्टनी हा बीटल्स मंडळीचा बास-वादक. अमेरिकेंतील डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या तबकड्यांवर त्याची मोठी प्रीति. त्यांत खर्ज वाजविणाऱ्यास तो आपल्या आदर्शांत गणतो. परंतु त्या तबकड्यांवर ह्या वादकाचें नांव सहसा छापलेलें नसे! तो जेम्स जेमर्सन. उजव्या हाताच्या एकाच बोटानें तो तारा छेडी. त्या आधारावर गायक नामांकित झाले. मार्विन गे ह्याच्या १९७१ सालच्या तबकडीच्या वेष्टनावर अखेर त्याचें नांव आलें. १९८३ सालीं तो वारला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा मान त्यास २००० सालीं मिळाला. तो स्वीकारावयास तो उरला नव्हता.

ज्युबिलीच्या शिळेवर धर्मगुरूंचीं व दात्यांचीं नांवें कोरलीं जातात. परंतु पहांटे घंटा वाजविणारा, वेदीचीं वस्त्रें धुणारी, आजाऱ्याच्या उशाशीं जपमाळ म्हणणारी, हा आपल्या मंडळीचा खर्ज होय. तो थांबला, कीं वरचा सूर डळमळतो. आपण १७ वर्षांचा उशीर करूं नये. जे हयात आहेत, त्यांचे आभार आजच माना. जे देवाघरीं गेले, त्यांस मिस्साबलींत स्मरा. गुप्त सेवा पाहणारा पिता तुम्हां सर्वांस आशीर्वाद देवो.