होडींतून छायाचित्रण
(नभोवाणीवरील भाषण)

तेरणा ही कांहीं पुराणप्रसिद्ध महानदी नव्हे. बालाघाटाच्या रांगांत उगम पावावें, तेर गांवावरून वाहावें आणि शेवटीं मांजरेस मिळावें, एवढाच तिचा संसार. पण तेर म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ग्रीक वृत्तांतांत उल्लेखिलेलें तगर नगर, आणि गोरोबाकाकांचें गांव. तेव्हां नदी लहान असली तरी तिचें कूळ मोठें आहे. हीच तेरणा धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यांत माकणी येथें मातीच्या धरणानें अडविली आहे. सरकारी कागदांत त्याला निम्न तेरणा प्रकल्प म्हणतात. बोलण्यांत मात्र तें माकणीचेंच धरण.

१९९३ सालीं ३० सप्टेंबरच्या पहांटे किल्लारीचा भूकंप झाला आणि हा सारा टापू जगांतील वर्तमानपत्रांत आला. त्या दिवसांत इकडील जीं छायाचित्रें निघालीं तीं ढांसळलेल्या भिंतींचीं आणि शोकाकुल माणसांचीं. तीं निघणें अवश्यच होतें. परंतु ज्या मुलखाची ओळख दुष्काळ आणि भूकंप ह्या दोनच चित्रांनीं व्हावी, त्याच्या पाण्याचेंहि एखादें चित्र कोणी काढावें असें वाटणें स्वाभाविक आहे. आणि तें काढण्याची खरी जागा कांठावर नसून पाण्यावर आहे.

ह्याचें कारण साधें आहे. दख्खनच्या पठारावरील जलाशय पसरट असतात. पाणी ओसरूं लागलें कीं कांठ दूर दूर सरकतो आणि मध्यें काळ्या मातीचा चिखल पडतो. कांठावर उभ्या राहिलेल्या मनुष्यास चक्रवाकाची जोडी म्हणजे दोन तांबूस ठिपके दिसतात. शिवाय तो उंचावरून पाहतो, त्यामुळें पक्ष्यामागें सपाट पाणी येतें आणि चित्र निर्जीव होतें. होडींत बसलेल्याचा डोळा पाण्यापासून हात-दीड हात वर असतो. त्याला पक्षी पक्ष्याच्या पातळीवरून दिसतो, मागें दूरची टेकडी येते, आणि पाण्यांतील प्रतिबिंब पायाशीं तुटत नाहीं.

दोन्ही टोंकांस निमुळतें, एका वल्ह्यानें चालणारें जें हलकें होडकें परदेशांत कॅनू म्हणून प्रसिद्ध आहे तें आपल्याकडे क्वचितच आढळतें. येथें भोई मंडळींची होडी असते. कोठें थर्माकोलचा तराफा असतो. पुराच्या वेळीं तर गुळाची काहीलहि नदीपार नेते. तराफा आणि काहील ह्यांवर मनुष्य तरून जाईल, कॅमेरा मात्र नेऊं नये. होडी कोणतीहि असो, तिच्यांत उभें राहूं नये. बूड तळाशीं जितकें टेकलेलें तितकी होडी शांत. तिपाई घरीं ठेवावी, कारण होडीचा प्रत्येक हेलकावा ती कॅमेऱ्यास जसाच्या तसा पोंचविते. त्यापेक्षां गुडघे वर घेऊन त्यांवर कोंपरें टेकावीं. मनुष्याचें शरीर हीच उत्तम कमान आहे. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाहून मंद ठेवूं नये. पाण्याची चकाकी कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकास फसविते आणि पक्षी काळा पडतो, म्हणून त्याचा कौल थोडा वाढवून घ्यावा.

वल्हें मारीत असतां चित्र घेण्याचा अट्टाहास व्यर्थ आहे. वाऱ्याच्या वरच्या बाजूस जाऊन वल्हें उचलावें आणि होडी आपोआप वाहूं द्यावी. पक्ष्यांच्या रोंखानें सरळ न जातां तिरपें जावें. पक्ष्यांनीं चरणें थांबवून माना वर केल्या कीं तेथेंच थांबावें. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवण आणि कुंभारगांवच्या बाजूस, रोहित पक्ष्यांचे थवे पाहण्यास होड्या जातात. तेथें कांहीं हौशी मंडळी थवा उडतांना पाहिजे म्हणून नावाड्यास होडी थव्यांत घालावयास सांगतात. एका चित्रासाठीं शेंकडों पक्ष्यांचें चरणें मोडावें, ही हौस नव्हे, हा आडदांडपणा आहे.

आतां कॅमेऱ्याच्या रक्षणाचा प्रश्न. त्यांतील अडचण अशी कीं, पिशवींत बंद असलेला कॅमेरा सुरक्षित पण निरुपयोगी, आणि हातांत असलेला कॅमेरा उपयोगी पण उघडा. म्हणून पिशवी किती भारी किंमतीची आहे ह्यापेक्षां ती एका हातानें किती लवकर उघडते आणि मिटते, हें पाहावें. तोंडाशीं तीन वळसे देऊन मिटणारी जलाभेद्य पिशवी ह्या कामीं चांगली. मिटतांना तिच्यांत थोडी हवा राहूं द्यावी, म्हणजे ती पाण्यांत पडली तरी तरंगते. रबरी कड असलेली पेटी अधिक भक्कम खरी. पण त्या कडेचें काम कुकरच्या रबरी कड्यासारखेंच आहे. कडेवर वाळूचा एक कण किंवा एक केंस आडवा आला कीं पेटी आणि चाळणी ह्यांत फारसा फरक उरत नाहीं.

कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यांत अडकविण्याची पुष्कळांस संवय असते. होडी उलटली तर तोच पट्टा फांस होतो. पिशवी होडीच्या आडव्या फळीस आंखूड दोरीनें, एका हिसक्यानें सुटेल अशा गांठीनें बांधावी. अंगास कधींहि बांधूं नये. अंगावर तरंगजाकीट असावें, आणि तें पोहतां येणाऱ्यानेंहि घालावें. घरची मंडळी कॅमेऱ्याची चौकशी आधीं करतात आणि जाकिटाची मागाहून, हा क्रम उलटा व्हावयास हवा.

पाणी वरूनच येतें असें मात्र नाहीं. गरम पोळ्या डब्यांत घालून झांकण लावलें कीं आंतून पाणी सुटतें, हें घरोघरीं ठाऊक आहे. तोच प्रकार कॅमेऱ्याचा. थंड केलेल्या मोटारींतून कॅमेरा काढून दमट हवेंत धरला कीं भिंगावर दंव जमतें. तो बंद पिशवींतच बाहेरच्या हवेइतका उबदार होऊं द्यावा आणि मग उघडावा. उलट, परत आल्यावर ओलसर कॅमेरा पेटींत कोंडून ठेवणें हा मोठा घात. त्यानें भिंगावर बुरशीचीं जाळीं धरतात. आधीं पुसून, वाऱ्यावर सुकवून, मग सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा.

आणि एवढें करूनहि कॅमेरा पाण्यांत पडलाच तर? तो चालतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं कळ दाबण्याचा मोह पहिल्यानें होतो, आणि पुष्कळदां तोच त्याचा प्राण घेतो. प्रथम विजेचा घट काढावा, मग चित्रें साठविणारें कार्ड काढावें, आणि कॅमेरा लवकर कारागिराकडे न्यावा. तांदुळांत पुरून ठेवण्याचा उपाय सर्वतोमुखीं आहे. त्यानें आंतील पाणी निघत नाहीं, पीठ मात्र आंत जातें. जुन्या फिल्मची रीत तर विपरीत होती. भिजलेली फिल्म सुकूं न देतां स्वच्छ पाण्यांतच बुडवून धुण्यास नेत, कारण अर्धवट सुकली कीं तिचे पदर एकमेकांस चिकटत.

कॅमेरा गेला तर दुसरा मिळतो, चित्र मिळत नाहीं, हें फ्रँक हर्ली ह्या छायाचित्रकाराइतकें कोणास कळलें नसेल. शॅकल्टनच्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेंत १९१५ सालीं त्यांचें ‘एन्ड्युरन्स’ जहाज बर्फांत चिरडलें गेलें. हर्लीनें त्या जहाजांतील बर्फाळ पाण्यांत उतरून कांचेच्या निगेटिव्हांचे डबे बाहेर काढले. ते डाख देऊन बंद केलेले असल्यामुळें आंतील कांचा बचावल्या होत्या. पण पुढचा प्रवास उघड्या होड्यांतून. वजन नेणें अशक्य. तेव्हां शॅकल्टन आणि हर्ली ह्यांनीं बसून सुमारें १२० निगेटिव्ह निवडल्या आणि सुमारें ४०० तेथेंच फोडून टाकल्या, पुन्हां मोह होऊं नये म्हणून. मोठे कॅमेरेहि सोडले. खिशांत मावेल असा एक लहान कोडॅक तेवढा ठेवला. निवडलेल्या कांचा होड्यांतून १९१६ सालीं एलिफंट बेटावर पोंचल्या आणि शेवटीं घरींहि आल्या. आजच्या छायाचित्रकारास कांचा फोडाव्या लागत नाहींत. तासातासानें कार्ड बदलून भरलेलें कार्ड लहान जलाभेद्य डबींत घालावें आणि ती डबी खिशांत, बटणाच्या आंत ठेवावी, एवढें पुरे.

राहतां राहिला नावाडी. अमेरिकेंत कोलोरॅडो नदीवरील पॉवेलच्या १८७१ च्या मोहिमेंत जॉन हिलर्स हा वल्हें मारण्यास म्हणून गेला आणि दुसऱ्या वर्षीं त्याच मोहिमेचा छायाचित्रकार झाला. भिगवणकडील कित्येक मासेमारांस आज पक्ष्यांचीं नांवें, त्यांच्या येण्याच्या वेळा आणि उजेडाची बाजू शहरांतील पाहुण्यापेक्षां अधिक ठाऊक असते. माकणीस किंवा अन्य कोठें होडी ठरवावयाची ती आदल्या दिवशीं, भोयाच्या सवडीनें ठरवावी. पहांटे त्याचीं जाळीं पाण्यांत असतात. तीं आधीं निघूं द्यावीं, त्यांवरून होडी नेऊं नये, आणि मजुरी ठरवितांना त्याची सकाळची बुडालेली मासळीहि हिशेबांत धरावी.