शिकता शिकता कमाई : पाबळ, युगांडा आणि म्हसवड

शिरूर तालुक्यातलं पाबळ हे पुणे जिल्ह्यातलं कमी पावसाचं गाव. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथे ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला. इलिनॉय विद्यापीठाची अन्नतंत्रज्ञानातली डॉक्टरेट आणि हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातलं मोठं पद मागे ठेवून, पन्नाशी उलटलेला हा शास्त्रज्ञ शाळा सुटलेल्या मुलांसाठी खेड्यात आला. हातांना काम दिलं, की मुलं विज्ञानही शिकतात आणि धंद्यालाही लागतात, ही त्यांची खात्री होती.

आश्रमाचा अभ्यासक्रम वर्षभराचा आणि निवासी. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे त्याचे चार विभाग. तोच विद्यार्थी वेल्डिंग करतो, विजेची जोडणी करतो, कोंबड्या सांभाळतो आणि रक्तगटही तपासतो. खेड्यात एकाच कसबाला वर्षभर गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. चार कामं येणारा माणूस तग धरतो.

पण पाबळचं खरं वेगळेपण पुढे आहे. इथे गावाला हवी असलेली कामं मोबदला घेऊन करायची आणि त्यातूनच शिकायचं. शेतकऱ्याला फाटक हवं असलं, तर मापं घ्यायची, लोखंडाचं वजन काढायचं, अंदाजपत्रक मांडायचं, ठरल्या दिवशी काम द्यायचं. भूमिती, हिशेब आणि गिऱ्हाइकाशी बोलणं, तिन्ही एकाच कामात येतं. निदेशकांनाही आश्रमाची यंत्रं वापरून स्वतःचा व्यवसाय करण्याची मोकळीक होती. त्यामुळे शिकवणाऱ्याला बाजारभाव तोंडपाठ असे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आश्रमात विकसित झालेल्या घुमटाकार घरांना मागणी आली. आठवी ते दहावीच्या शाळांतही आठवड्यातला एक दिवस या पद्धतीने शिकवता येतो, आणि त्याला राज्याच्या माध्यमिक मंडळाची मान्यता आहे.

कसब हाती आलं. मग हत्यारं कुठून आणायची?

या प्रश्नाचं मोलाचं उत्तर युगांडाच्या उत्तर भागातून आलं. दीर्घ यादवीने पोळलेल्या त्या भागात सरकारने तरुणांच्या गटांकडून प्रस्ताव मागवले. काय शिकायचं, कोणाकडे शिकायचं, कोणती अवजारं घ्यायची, हे गटांनीच ठरवायचं होतं. मंजूर गटाला माणशी सुमारे ३८२ डॉलर एकरकमी मिळाले, आणि त्यावर नंतर कोणाची देखरेख नव्हती. पैसे उधळले जातील ही भीती खोटी ठरली. बहुतेकांनी ते प्रशिक्षणावर, अवजारांवर आणि मालावर लावले. अनेक जण शिवणकामात, सुतारकामात उतरले. अर्जदार जास्त आणि निधी कमी, म्हणून निवड सोडतीने झाली होती. त्यामुळे अर्थशास्त्रज्ञ क्रिस्टोफर ब्लॅटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नेमकी तुलना करता आली. चार वर्षांनी अनुदान मिळालेल्यांची कमाई इतरांपेक्षा ३८ टक्क्यांनी जास्त भरली.

नऊ वर्षांनी मात्र कमाईतलं अंतर जवळजवळ मिटलं, कारण सोडतीत मागे राहिलेलेही हळूहळू आपापल्या धंद्याला लागले होते. अनुदानवाल्यांकडे मालमत्ता अधिक होती आणि कसबी कामात त्यांचं प्रमाणही अधिक होतं. पैसा आणि प्रशिक्षण मिळून तरुणाची उमेदीची वर्षं वाचवतात, हे यातून दिसतं. त्यापुढची वाढ रस्ता, वीज आणि गिऱ्हाइकाच्या खिशावर ठरते.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला कसब आणि भांडवल या दोन्ही धाग्यांची गाठ पडली. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि माणदेशातल्या बायकांनी महिला सहकारी बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा अनेक प्रवर्तक महिला निरक्षर असल्याने तो नाकारला गेला. बायका लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या दारात उभ्या राहिल्या. १९९७ साली माणदेशी बँक सुरू झाली, आणि २००६ मध्ये ग्रामीण महिलांसाठी व्यवसाय-शाळा. घर, रान आणि जनावरं सोडून बाईला तालुक्याला जाणं जमत नाही, म्हणून ही शाळा बसमध्ये बसून गावोगाव जाऊ लागली. शिक्षण देणाऱ्यांना कर्जाचा हिशेब कळतो आणि कर्ज देणाऱ्यांना शिकणारी बाई माहीत असते, ही या रचनेची ताकद.

आपल्याकडे औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदाही आहे. तरीही किती जणांना प्रमाणपत्र दिलं, हाच आकडा अभिमानाने सांगितला जातो. त्याच्या शेजारी आणखी तीन आकडे हवेत : वर्षभरानंतर किती जण त्याच कामात टिकले, किती जणांनी स्वतःचा धंदा काढला आणि किती जणांना पहिल्या अवजारांसाठी कर्ज मिळालं. प्रत्येक संस्थेने हे आकडे दरवर्षी दर्शनी फलकावर लावावेत आणि प्रवेशाला आलेल्या पालकांनी ते मागून घ्यावेत.