दारावरची दोन नावं

डिसेंबर लागला की आपल्या शहरात सहलींच्या एसटी गाड्या दिसू लागतात. परभणीची, लातूरची, कुठकुठली मुलं येतात. एका दिवसात वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा, पाणचक्की. वेळ उरलाच तर सोनेरी महालातलं वस्तुसंग्रहालय, तेही दहा मिनिटांत. काचेला हात लावू नका, रांग मोडू नका, पुढे चला! संध्याकाळी विचारावं, काय पाहिलं? पोरं सांगतात, माकडं. त्यांचं काही चुकत नाही.

मला माझी पाचवीची सहल आठवते. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. शाळा मराठी, वर्गात मुसलमान आम्ही दोघंच. गावातलीच सहल, म्हणून पायी निघालो. अम्मीनं डब्यात पराठे आणि गूळ दिला होता. मकबऱ्याचा घुमट दिसला तसा माझा मित्र म्हणाला, ''हे तुमच्या लोकांचं ना रे?'' त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण माझी छाती अशी फुगली, की जणू संगमरवर आमच्याच घरून गेला होता!

गुरुजींनी ते ऐकलं असावं. त्यांनी आम्हाला प्रवेशद्वारापाशीच थांबवलं. तिथल्या लाकडी दरवाजावर पितळी पत्रा आहे, नक्षीचा. त्यावरच्या लेखात बांधणाऱ्यांची नावं आहेत. वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय. गुरुजींना फारसी येत नव्हती, आधी कुणाला तरी विचारून आले असणार. त्यांनी मला 'हंसपत राय' म्हणायला लावलं आणि मित्राला 'अताउल्ला'. मोठ्यानं, तीनदा. खरं सांगतो, मला राग आला होता. माझा अर्धा मकबरा गेला असं वाटलं. मित्र मात्र खूश, त्याला अर्धा मिळाला होता.

मग गुरुजींनी खर्चाचा आकडा सांगितला. एका जुन्या तवारिखेत तो ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा दिला आहे. लाख आम्हाला कळले नाहीत, सात आणे कळले. परतताना सात आण्यांत काय काय येईल याचाच हिशेब चालला होता.

गेल्या हिवाळ्यात एका शाळेनं मला सहलीला बोलावलं. मी अट घातली, दिवसभरात एकच ठिकाण. बाई म्हणाल्या, ''पालक विचारतील, एवढे पैसे घेऊन इतकंच?'' प्रश्न रास्त होता. तरी त्या तयार झाल्या आणि आम्ही पाणचक्कीला गेलो. दूरच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून इथवर आणलेलं. ते उंच भिंतीवरून खाली पडे आणि त्याच्या जोरावर जातं फिरे. दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी त्यावर पीठ दळलं जाई. एका मुलानं विचारलं, ''मोटर नव्हती, मग पाणी भिंतीवर चढलं कसं?'' मी सांगितलं, झरा या भिंतीहून उंच आहे. बंद नळातून आलेलं पाणी जवळजवळ तेवढंच वर चढू पाहतं. पोरं भिंतीकडे बघत राहिली.

तेवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, ''सर, तेव्हा एवढ्या लांबून रोज यायचं, मग आमच्या गल्लीत आठ दिवसांनी का येतं?''

आम्ही मोठी माणसं तिथं चौघं होतो. प्रत्येकानं आपापल्या परीनं उत्तर दिलं. तिचं समाधान काही झालं नाही. बस अर्धा तास उशिरा सुटली.