ऐनवेळचे विषय
(कोल्हापूर येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



सकाळपासून ऊसदर, काटामारी आणि वीजबिल यांवर बोलणे झाले. माझ्याआधीच्या वक्त्यांनी ते चांगले मांडले, त्यात मी भर घालत नाही. मी तुमच्यापुढे एक कागद घेऊन आलो आहे. एका पंचायत समितीच्या सभेची ही विषयपत्रिका. कुठल्या तालुक्याची ते सांगत नाही. एका माजी सदस्याच्या घरी रद्दीत सापडली आणि पाकीट फोडलेलेसुद्धा नव्हते. मी विचारले, "न वाचताच सभेला गेलासा काय?" तर म्हणाला, "वाचून काय करायचं मर्दा? म्होरक्यानं हात वर केला की आपण करायचा."

पहिला विषय, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मग खर्चाचे विषय, योजनांचा आढावा. आणि सगळ्यांत शेवटी एक ओळ, मा. सभापतींच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. जिल्हा परिषदेच्या पत्रिकेत सभापतींच्या जागी अध्यक्ष असतात, बाकी ओळ तीच. या ओळीपुढे काहीच लिहिलेले नसते. खरेदीचा विषय यायचा असेल तर तो पुष्कळदा इथून येतो. तोवर चहा झालेला असतो, निम्मे सभागृह उठलेले असते, कुणाला लग्नाला जायचे असते. कुणीतरी 'मंजूर' म्हणतो आणि विषय संपतो.

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचे? सरकारचा पैसा, सरकार बघेल. भावांनो, घरी गेल्यावर तलाठ्याने दिलेली शेतसाऱ्याची पावती काढून बघा. साऱ्याशेजारी जिल्हा परिषदेचा उपकर वेगळा लिहिलेला असतो. जमिनीचे खरेदीखत करताना मुद्रांकाबरोबर एक टक्का अधिभार जातो, तोही याच कारणासाठी. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हापासून हा पैसा आपण भरत आलो. यालाच तिथे स्वनिधी म्हणतात, बोलीभाषेत सेस फंड. त्यातून वीस टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी ठेवायचे असा दंडक आहे. शिलाई मशीन, सायकल, ताडपत्री, फवारणी पंप हे सगळे असल्या तरतुदींतून येते.

आता माझा स्वतःचा पंप. बरीच वर्षे झाली. निम्मी रक्कम मी भरायची, निम्मी कार्यालयाने, अशी योजना होती. चार हेलपाटे घातल्यावर पंप मिळाला. दुसऱ्या फवारणीला पट्टा तुटला, तिसऱ्याला वॉशर गेले. दुरुस्तीला गावातल्या दुकानात नेला, तर दुकानदार हसायला लागला. त्याच बनावटीचा पंप त्याच्याकडे होता, आणि मी भरलेल्या निम्म्या रकमेत आणखी थोडी भर घातली असती तर तो मला रोखीने मिळाला असता. म्हणजे कार्यालयाचे अनुदान माझ्यापर्यंत आलेच नव्हते. ते वाटेतच उतरले. यादीत मात्र मी आजही लाभार्थी आहे!

५ डिसेंबर २०१६ ला राज्य सरकारने निर्णय काढला की वैयक्तिक लाभाच्या योजनांत वस्तू न वाटता पैसे थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात भरावेत. मला हा निर्णय पटला. त्यात खोटी बिले जोडणारे निघाले, आणि आधी पदरचे पैसे घालून वस्तू घ्यायची म्हणजे ज्याच्याकडे पैसाच नाही तो मागे राहिला, हे खरे आहे. तरीही दुकान निवडायचा अधिकार माझ्याकडे आला. पंप खराब निघाला तर भांडायला दुकानदार समोर आहे.

पण शाळेची बाके, दवाखान्यातली औषधे, अंगणवाडीचे साहित्य, रस्त्यावरचे दिवे ही खरेदी आपल्या खात्यात येणार नाही. ती कार्यालयच करणार, आणि तिच्यासाठी नियमही आहेत. १ डिसेंबर २०१६ ला सरकारने खरेदीची नियमपुस्तिका काढली. तेव्हा मर्यादा अशी ठेवली की तीन लाखांच्या वरची खरेदी ई-निविदेने, त्याखाली दरपत्रके मागवून. मर्यादेचे आकडे बदलतात, पण मर्यादा चुकवण्यासाठी खरेदीचे तुकडे पाडायचे नाहीत, हे तत्त्व कायम आहे.

तुकडे कसे पडतात ते बघा. शंभर बाके एकदम घेतली तर निविदा काढावी लागते. मग पंचवीस या आठवड्यात, पंचवीस पुढच्या. प्रत्येक वेळी तीन दरपत्रके. तिन्ही वेगवेगळ्या दुकानांच्या नावाची, पण टाइप एकाच यंत्रावरचे आणि चूकसुद्धा एकच. 'साहित्य' हा शब्द तिन्ही कागदांवर सारखाच चुकलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

निविदा काढली तरी एक वाट उरते. वस्तूचे वर्णन असे लिहायचे की ते एकाच पुरवठादाराच्या मालाला बसावे. म्हशीच्या बाजारात जाऊन उजव्या शिंगाला ठिपका असलेलीच हवी म्हटले, तर धनी एकच सापडणार! म्हणून भाव नंतर तपासा, आधी वर्णन वाचा.

आता सभेकडे येतो. सभा गुंडाळणे म्हणजे काय हे कोल्हापूरकराला शिकवायला नको. २०१८ च्या 'गोकुळ'च्या वार्षिक सभेत मल्टिस्टेटचा विषय आला तेव्हा एका बाजूने मंजूर, दुसऱ्या बाजूने नामंजूर असा गदारोळ होऊन काही मिनिटांत सभा आटोपली. तरी तो विषय अखेर मागे घ्यावा लागला, कारण दूध घालणारा माणूस गावोगावी त्यावर बोलत राहिला. जिल्हा परिषदेच्या सभेवर असे कोण बोलतो? कायद्याने ती तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायलाच हवी. आणि आपल्या बारा तालुक्यांतल्या किती लोकांना तिची तारीख ठाऊक असते?

त्यातून मार्च २०२२ मध्ये सदस्यांची मुदत संपली. निवडणुका लांबल्या आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार चालला. सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार एका सहीत आले. आपल्यातलेच काही म्हणाले, बरे झाले, टक्केवारी थांबली. मला हे पटत नाही. अधिकारी प्रामाणिक असेलही, पण त्याला समोरासमोर विचारणारा कुणी उरला नाही. वाईट सदस्यसुद्धा विरोधी गटाच्या रागापोटी एखादी फाईल बाहेर काढतो. सभाच नसेल तर तेवढेही होत नाही.

घाईच्या खरेदीचेही बोलतो. करोनाच्या काळात आपल्या जिल्हा परिषदेने जे साहित्य घेतले त्यावर लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, वर्तमानपत्रांत बरेच दिवस गाजले. घाई खरी होती, माणसे मरत होती, निविदेची मुदत बघत बसायला वेळ नव्हता हे मी मान्य करतो. पण किती आले, कुठे वाटले, साठा नोंदवहीत कुणी उतरवले, हे लिहायला निविदा लागत नाही. त्याच २०२० साली आर्सेनिकम अल्बमच्या गोळ्या घेण्यासाठी ग्रामपंचायतींकडून चौदाव्या वित्त आयोगाच्या निधीवरचे व्याज मागवले गेले. पैसा गावाचा, आणि गोळी कुठली, कुणाकडून, काय भावाने, हे गावाला कुणी विचारले नाही.

मग आपण करायचे काय? मोर्चा नेहमीच काढता येतो. त्याआधी कागद बघूया. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत सगळ्यांना पाठ झाली. पण त्या कायद्यात नमुना घेण्याचाही अधिकार आहे हे थोड्यांना ठाऊक आहे. खरेदी केलेल्या मालाचा प्रमाणित नमुना मागता येतो. शिवाय २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्ह्यातल्या आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. निर्णयाची प्रत बरोबर ठेवा, कारण खिडकीवरच्या बाबूला बहुधा तोच पहिल्यांदा वाचायचा असतो. त्याच्याशी भांडू नका, त्याला प्रत द्या.

पाच कागद मागा. दरपत्रके आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, साठा नोंदवहीचे पान, देयकाचे प्रमाणक, आणि ज्या सभेत विषय मंजूर झाला तिचे इतिवृत्त. विषय ऐनवेळी आला असेल तर इतिवृत्तात सूचक आणि अनुमोदक यांची नावे सापडतात. पुरवठादाराचे नाव त्यांच्याशेजारी ठेवून बघा. जिल्हा परिषदेच्या ठेक्यात ज्याचा प्रत्यक्ष किंवा आडून हितसंबंध आहे त्याला सदस्य राहता येत नाही, हे १९६१ च्या कायद्यातच लिहिलेले आहे. ग्रामपंचायतीची प्रमाणके 'ई-ग्रामस्वराज'वर घरबसल्या दिसतात. पोरांकडे मोबाईल आहेच, रात्री जेवणे झाल्यावर अर्धा तास त्यांना ते वाचून दाखवायला लावा.

येत्या सोमवारपासून सुरुवात करायची आहे. दोन वर्षांत शाळांसाठी घेतलेल्या बाकांची फाईल पहिली. प्रत्येक तालुक्यातून दोन माणसे हवीत, एक लिहिणारा आणि एक मोजणारा, कारण कागद बघून झाल्यावर शाळेत जाऊन बाके मोजायची आहेत. मायबहिणींनी नावे द्यावीत, शाळेत कोण आत सोडतो आणि कोण नाही हे त्यांना जास्त ठाऊक असते. चंदगड, आजऱ्याच्या लोकांना कोल्हापूरला यायचे तर सकाळचीच एस.टी. धरावी लागेल. ज्यांना जमणार नाही त्यांनी आपल्या पंचायत समितीत जावे, तिथेही सोमवार तोच आणि वेळ तीच. नावे दाराजवळच्या टेबलावर लिहून घेतली जात आहेत.